एकांकिकेसाठी रंगसंगत कपडेपट: जुन्या कपड्यांतून कसा उभा करावा

हौशी नाटकाचा हिशेब मांडायला बसलं की नेपथ्य, प्रकाश, गाडीभाडं आणि तालमीच्या जागेचं भाडं यांतच पैसे संपतात. कपडेपटाच्या वाट्याला उरतं ते अगदी थोडं. ड्रेपरीवाल्याकडे राजे, मावळे, देव-दानव यांचे कपडे भाड्याने मिळतात. पण चाळीतल्या सामान्य माणसाचे रोजचे, अंगावर वापरून विटलेले कपडे त्याच्याकडे सहसा नसतात. हे कपडे जुन्या बाजारात मिळतात, बोहारणीकडे मिळतात आणि नातेवाइकांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत मिळतात. वापरलेला कपडा अंगावर वेगळाच पडतो. कोपरं सैल झालेली असतात, कॉलर मऊ पडलेली असते. कोऱ्या कपड्यात हे आणायला खूप मेहनत लागते, इथे ते आयतं मिळतं.

अडचण एकच आहे. दहा ठिकाणांहून गोळा केलेले कपडे एकत्र उभे केले की रंगमंच गोधडीसारखा दिसतो. म्हणून पहिला नियम असा: रंग आधी ठरवायचा, कपडा नंतर शोधायचा.

संहितेतून रंग काढा

उदाहरणासाठी एक गोष्ट धरू. काळ १९८२चा, मुंबईतला गिरणी संप नुकताच सुरू झालेला. चाळीतलं एक घर. वडील गिरणी कामगार, आई, आजी, थोरली मुलगी, धाकटा मुलगा आणि अधूनमधून येणारा सावकार.

कागदावर पात्रं आणि प्रवेश यांचा तक्ता करा. कोण कोणाच्या बाजूचं आहे, कोण घरापासून तुटत चाललंय, हे आधी लिहा. मग घराला एक रंगकुटुंब द्या. या घरासाठी मी विटका निळा, राखाडी आणि तपकिरी घेईन. आजीला त्यातलाच गडद रंग, म्हणजे आमसुली. मुलीला फिकट हळदी, कारण तिचं लक्ष घराबाहेर आहे. सावकार बदामी आणि मोतिया रंगात, इस्त्री केलेला. धाकटा मुलगा सुरुवातीला वडिलांच्याच निळ्या-राखाडीत असतो आणि वाईट संगतीला लागल्यावर डाळिंबी शर्टात येतो. डाळिंबी रंग आणखी कुणालाही द्यायचा नाही, अगदी उशीच्या अभ्र्यालाही नाही. म्हणजे तो शर्ट दारात दिसताक्षणी प्रेक्षकाला कळतं की हा मुलगा आता या घरातला राहिला नाही. एकही संवाद न लिहिता हे साधतं, म्हणून या तक्त्यावर एक पूर्ण संध्याकाळ घालवा. दिग्दर्शक, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार तिघेही समोर हवेत. भिंतीचा रंग आणि वडिलांचा शर्ट एकच निघाला तर वडील भिंतीत विरून जातील.

नमुने खिशात ठेवा

‘फिकट हळदी’ म्हटल्यावर चार जणांच्या डोळ्यांसमोर चार रंग येतात. म्हणून मॅचिंग सेंटरमध्ये जा. ब्लाउजपीसच्या त्या दुकानांत टू बाय टू रुबियाच्या एकेका रंगाच्या कितीतरी छटा ठेवलेल्या असतात. ठरलेल्या छटांचे अगदी लहान तुकडे घ्या, प्रत्येकावर पात्राचं नाव लिहा आणि सगळे एका मोठ्या सेफ्टी पिनेत ओवा. दुकानदार तुकडा कापून द्यायला तयार नसेल तर त्या छटेच्या दोऱ्याची रीळ घ्या. पुढे शिवणकामाला ती लागतेच. मोबाइलमधल्या फोटोवर मात्र विसंबू नका, त्यात रंग फसवा येतो.

शोध कुठे घ्यायचा

सुरुवात घरापासून करा. संघातल्या प्रत्येकाने आपल्या आजोळी, काका-मामांकडे विचारायचं. जुनी सुती पातळं, सफारी, टेरिकॉटचे शर्ट, पट्ट्यापट्ट्यांचे लेंगे अशा घरांत अजून सापडतात. ‘नाटकासाठी हवंय’ म्हटलं की माणसं हौसेने कपाट उघडतात.

मग बोहारीण. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे घेणाऱ्या या बायका तो माल पुढे विकतात. तुमच्या भागात येणाऱ्या मावशींना गाठून काय हवंय ते सांगून ठेवा. कोणत्या वस्तीत कसले कपडे मिळतात याची त्यांना जी जाण असते, ती दुसऱ्या कुणाला नसते. त्यांच्याशी व्यवहार चोख ठेवा आणि घासाघीस बेताने करा.

पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार, मुंबईत असाल तर मटण स्ट्रीटचा चोर बाजार. चष्म्याच्या फ्रेमा, मनगटी घड्याळं, पट्टे, चामडी बॅगा अशा गोष्टी इथे पाहाव्यात. पात्र उभं राहायला कपड्याइतकीच त्यांचीही मदत होते.

बाजारात एक गोष्ट विसरू नका. विक्रेत्याच्या डोक्यावर निळी किंवा पिवळी ताडपत्री असते आणि तिचा रंग खालच्या प्रत्येक कपड्यावर पडलेला असतो. निळ्या ताडपत्रीखाली राखाडी शर्ट निळसर दिसतो, पिवळीखाली मळका पांढराही मोतिया वाटतो. विचारून कपडा उन्हात न्या, पिनेतला तुकडा त्यावर ठेवा आणि मग ठरवा.

घेण्याआधी काय पाहायचं

माप थोडं मोठं चालेल, लहान नको. मोठा शर्ट आत घेता येतो. लहान शर्ट वाढवायचा तर शिवणीत दाबलेलं कापड हवं, म्हणून कपडा उलटा करून शिवण बघा. कॉलर विरली असेल तर ती उसवून उलटी लावता येते. काखेत मात्र हात घालून पाहा, तिथे कापड कुजलं असेल तर पहिल्याच प्रयोगात टरकतं.

कापड कसलं आहे हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण रंगवता येईल की नाही ते त्यावर ठरतं. घरी आल्यावर शिवणीतून एक धागा काढा, शिवणीचा दोरा नव्हे, कापडाचा. चिमट्यात धरून, खाली पाण्याची वाटी ठेवून तो जाळा. सुती धागा कागद जळल्याचा वास देतो आणि मऊ राख सोडतो. रेशीम आणि लोकर केस जळल्यासारखा वास देतात. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. टेरिकॉटमध्ये सूत आणि पॉलिस्टर दोन्ही असल्याने थोडी राख, थोडी गोळी असं दिसतं.

आपल्या उदाहरणात इथेच पेच येतो. १९८२च्या माणसाच्या अंगावर टेरिकॉट हवंच, आणि टेरिकॉट घरी नीट रंगत नाही. फक्त सुताचा भाग रंग धरतो, त्यामुळे छटा फिकी येते. पॉलिस्टरला वेगळे रंग आणि घरगुती बादलीत न मिळणारी उष्णता लागते. म्हणून टेरिकॉटचे शर्ट-पँट हव्या त्या छटेतच शोधायचे आणि रंगवून जुळवायचं काम सुती कपड्यांवर सोपवायचं: पातळं, परकर, लेंगे, गंज्या, ओढण्या.

धुवा आणि मग रंगवा

आणलेला प्रत्येक कपडा घरात पसरण्याआधी धुवा. सुती कपडे कढत पाण्यात साबण घालून भिजवा, कडक उन्हात वाळवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने आतली बाजू घासून पाहा. फडक्याला रंग लागला तर तो कपडा कायम वेगळा धुवायचा.

सुती कपड्यांना थंड पाण्यात बसणारे रिअ‍ॅक्टिव्ह रंग घ्या. रंगसाहित्याच्या दुकानात प्रोशन म्हणून मागितले तरी मिळतात. मध्यम छटेसाठी कोरड्या कपड्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के रंग लागतो, म्हणजे १ किलो कपड्यांना २० ते ३० ग्रॅम. पाणी कपड्याच्या वजनाच्या वीस पट. दर लिटरला साधारण ५० ग्रॅम मीठ आणि १५ ते २० ग्रॅम धुण्याचा सोडा. खाण्याचा सोडा इथे कामाचा नाही.

प्लास्टिकच्या मोठ्या बादलीत रंग आणि मीठ विरघळवा. कपडा आधी साध्या पाण्यात भिजवून पिळा आणि मग रंगात सोडा, नाहीतर डाग पडतात. अर्धा तास सतत हलवा. सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून, कपडा बाजूला सारून घाला आणि पुढे तासभर अधूनमधून हलवत राहा. मग गार पाण्याने धुवा, शेवटी गरम साबणाच्या पाण्याने, पाणी नितळ होईपर्यंत. रंगाची भुकटी मोजताना नाकाला मास्क आणि हातात मोजे हवेतच. स्वयंपाकघरातलं एकही भांडं यासाठी वापरू नका.

आधीचा रंग जात नाही, नवा त्यावर चढतो. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवाच येणार. छटा गडद करता येते, फिकी करता येत नाही. म्हणून कोपऱ्यातली चिंधी आधी रंगवून, वाळवून बघा. ओला रंग नेहमी गडद दिसतो.

कपड्यांना एका घरातले करायचा माझा सगळ्यात आवडता उपाय यापुढचा आहे. फिकट तपकिरी रंगाचं अगदी पातळ पाणी करा आणि त्या कुटुंबाचे सगळे सुती कपडे त्यातून काढा. आईचं पातळ, वडिलांची गंजी, मुलीचा परकर, सगळ्यांवर तो हलका थर बसतो. प्रत्येकाचा मूळ रंग राहतो, पण भडकपणा उतरतो आणि माणसं एकाच छपराखाली राहिल्यासारखी दिसतात. झगझगीत पांढऱ्यासाठी कोरा चहा पुरेसा आहे. पांढरा शर्ट प्रकाशात डोळ्यांना टोचतो आणि नटाच्या चेहऱ्याकडे लक्ष जाऊ देत नाही. चहात बुडवलेला शर्ट प्रेक्षकाला पांढराच दिसतो, फक्त शांत.

रंगवल्यावर पॉलिस्टरच्या दोऱ्याची शिवण जुन्याच रंगाची राहते. पुढच्या रांगेतून ती दिसते. जुळणाऱ्या रिळेने वरून टीप मारा.

दिव्यांखाली पाहा

घरच्या ट्यूबलाइटमध्ये जुळलेले दोन काळे कपडे रंगमंचावर वेगळे दिसू शकतात, एक तांबूस आणि एक निळसर. म्हणून शक्य होईल त्या पहिल्या तांत्रिक तालमीला सगळ्यांना पूर्ण वेशात उभं करा आणि प्रत्येक प्रवेशाचा प्रकाश टाकून बघा. अंबर, म्हणजे पिवळसर-नारिंगी, प्रकाशात निळे कपडे मळकट होतात. रात्रीच्या निळ्या प्रकाशात डाळिंबी शर्ट जवळजवळ काळा दिसतो. धाकट्याचा महत्त्वाचा प्रवेश रात्रीचा असेल तर प्रकाशयोजनाकाराला त्याच्यासाठी थोडा पांढरा किंवा उबदार प्रकाश मागा.

शेवटच्या रांगेतून एक फोटो काढा आणि तो कृष्णधवल करून पाहा. दोन माणसं एकाच करड्या छटेत मिसळत असतील तर त्यांचे रंग वेगळे असूनही लांबून ती वेगळी दिसणार नाहीत. एकाचा कपडा गडद करा.

ट्रंक कशी लावायची

प्रयोगानंतर घामाचे कपडे तसेच घडी करू नका. वाऱ्यावर सुकवा, धुवा, मग ठेवा. कपडे पात्रांच्या नावाने न लावता रंगाने लावा, कारण पुढच्या नाटकात पात्रं बदलतील, छटा उपयोगी पडतील. कडुलिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या टाका, गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. एका वहीत प्रत्येक कपड्याचं माप, कापड आणि रंगवला असेल तर रंगाचं प्रमाण लिहून शेजारी त्याचा धागा चिकटवा.

उसना आणलेला कपडा कधीच रंगवायचा नाही, कापायचाही नाही. त्याच्या आत नाव लिहिलेली चिंधी टाका आणि प्रयोग संपल्याच्या आठवड्यात धुऊन, इस्त्री करून तो परत पोचवा.