छातीचा फोटो बटण दाबण्याआधीच बिघडतो: शिकाऊ टेक्निशियननी या चुका टाळा

नवीन मुलं एक्स-रे विभागात आली की पहिला आठवडा सगळी पॅनेलला चिकटलेली. केव्ही (किरणांचा जोर) किती, एमएएस (किरणांचं प्रमाण) किती, सर, हे बटण कशाचं? तिकडे पेशंट स्टँडसमोर वाकडा उभा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही. मशीन आठवडाभरात येतं. माणूस नीट उभा करायला वर्षं जातात, आणि तेवढा धीर हल्ली कुणाकडे नाही.

एक्स-रे म्हणजे सावली. हाडातलं कॅल्शियम किरण अडवतं म्हणून हाड पांढरं, फुप्फुसातली हवा जवळपास काहीच अडवत नाही म्हणून ते काळं. लाईट गेल्यावर कंदिलासमोर हात धरून खेळला असाल तर बाकीचंही ठाऊक आहे: हात भिंतीपासून लांब नेला की सावली फुगते. हृदय छातीत पुढच्या बाजूला. म्हणून छाती डिटेक्टरला, म्हणजे फोटो टिपणाऱ्या पाटीला, टेकवायची, किरण पाठीकडून सोडायचे, तेही १८० सेंटिमीटरवरून. चालू शकणाऱ्या पेशंटला आळसापोटी झोपवून पुढून फोटो काढलात, की धडधाकट माणसाचं हृदय मोठं दिसतं आणि तो बिचारा टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रांगेत.

आता वेणी. यावर मी जरा जास्त बोलतो, कारण ही चूक माझी स्वतःची आहे. नोकरीचं पहिलं वर्ष, सोमवारची गर्दी. पोलीस भरतीच्या मेडिकलला आलेली एक मुलगी. गाऊन घालायला लावला, गळ्यातलं काढायला लावलं, झालं. तेल लावून घट्ट घातलेली वेणी गाऊनच्या आत डाव्या खांद्यावरून पुढे आली होती, ती मी पाहिलीच नाही. फोटोत डाव्या फुप्फुसाच्या टोकाला डाग. ओपीडीत कुणीतरी 'टीबी' म्हणालं. मुलगी गप्प, आई बाकावर बसून रडतेय. संध्याकाळी रेडिओलॉजिस्ट आले, फोटो उजेडावर धरला आणि मलाच विचारलं, "ही सावली हसळीच्या वर मानेत कशी गेली रे? फुप्फुस तिथवर असतं का?" केस वर बांधून पुन्हा फोटो काढला. डाग गेला. त्या दिवसापासून माझ्या ड्रॉवरमध्ये रबरबँडचं पाकीट असतं. मंगळसूत्र, ताईत, ब्लाउजची सेफ्टी पिन हे सगळे विचारतात. केसांना हात कुणी लावत नाही.

श्वासाचंही तसंच. 'श्वास रोखा' म्हटलं की माणूस जिथे असेल तिथे थांबतो, बहुतेकदा अर्ध्यावर. मी आधी एकदा तालीम करून घेतो आणि शिशाच्या काचेतून खांद्यांकडे बघत बटण दाबतो. फोटोत पाठीकडच्या नऊ-दहा बरगड्या मोजा. सहा-सात दिसल्या तर पुन्हा काढा, लाज वाटू देऊ नका.

डावा-उजवा मार्कर फोटो काढतानाच ठेवा, नंतर कॉम्प्युटरवर चिकटवू नका. उजवीकडे हृदय असलेली माणसं खरोखर असतात.

'कमी पडायला नको' म्हणून एक्स्पोजर, म्हणजे किरणांचा मारा, वाढवून ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. फिल्मच्या काळात फोटो काळा पडून चोरी पकडली जायची. आता सॉफ्टवेअर झाकून घेतं आणि जास्तीचा डोस पेशंट घरी नेतो. डिटेक्टरवर किती किरण पोचले ते सांगणारा आकडा, एक्स्पोजर इंडेक्स, बघत जा.

एमआरआयची चूक एकच, पण जीवघेणी: आवाज थांबला म्हणजे मशीन बंद, हा समज. ती ठकठक ग्रेडियंट कॉइलची, म्हणजे फोटो काढतानाच चालणाऱ्या जादा वेटोळ्यांची. मुख्य चुंबक मुका असतो आणि रात्री, रविवारी, दिवाळीलाही चालू असतो. द्रव हेलियमने थंड ठेवलेल्या त्याच्या तारांत वीज फिरतच राहते. त्याची ताकद दीड टेस्ला असेल तर ती पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन खोलीत गेलेला एक नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि जीव गमावून बसला. म्हणून 'अंगात धातू आहे का?' एवढंच विचारून फॉर्मवर टिक करू नका. 'नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. मी विचारतो: छातीत मशीन बसवलंय? डोक्याचं ऑपरेशन? वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम करता? डोळ्यात कधी कण गेला होता? शेवटच्या प्रश्नावर बरेच जण थबकतात. त्यांचा आधी डोळ्यांचा एक्स-रे, मग पुढचं.

सोनोग्राफीत जेलची कंजुषी नको. मधल्या हवेवरूनच आवाज परत फिरतो. ओटीपोट बघायला लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून पाच मिनिटांपूर्वी पाणी प्यायलेल्याला टेबलवर घेऊ नका, ती भरायला तासभर लागतो.

आणि सीटीत कॉन्ट्रास्ट (फोटोत भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून द्यायचं औषध) द्यायचा असेल तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम सांगणारा रक्ताचा रिपोर्ट, बघाच, पण पेशंटला हेही सांगा की अंग एकदम गरम होईल, लघवी झाल्यासारखं वाटेल, ती होत नाही. न सांगितल्यास तो नेमका तेव्हाच दचकून हलतो.