आंबोली-पारपोलीच्या फुलपाखरू फेरीची तयारी

ही तयारीची यादी आंबोली-पारपोलीच्या फेरीला सोबत येणाऱ्या सर्वांसाठी आहे. गेल्या वर्षीच्या नोंदवहीत अंडी आणि अळ्यांच्या नोंदी भरपूर आहेत, मात्र त्या ज्या झाडावर सापडल्या त्या झाडाचे छायाचित्र जवळजवळ एकाही नोंदीसोबत नाही. त्यामुळे त्यांतल्या बहुतेक नोंदी उपयोगाच्या राहिलेल्या नाहीत. या वर्षी बाकी काही विसरले तरी चालेल, पण झाडाचा फोटो विसरून चालणार नाही.

फेरीसाठी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर हा काळ धरावा. जुलै-ऑगस्टच्या झडीत प्रौढ फुलपाखरे फारशी उडत नाहीत, परंतु त्याच दिवसांत फुटलेल्या पालवीवर अळ्या पोसल्या जातात, आणि पाऊस ओसरून ऊन पडू लागले की त्यांची पिढी पंख उघडून बाहेर पडते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि पारपोली तिच्या घाटाच्या पायथ्याला. त्यामुळे उघडे सडे (खडकाळ पठारे), दाट सावलीचे रान, ओढे आणि भातशेतीचे बांध असे वेगवेगळे अधिवास थोड्याच अंतरात पाहायला मिळतात. सड्यावर ब्लू पॅन्सी शोधावी, सावलीत कारवीच्या आसपास ब्लू ओकलीफ शोधावे. एकाच ठिकाणी दोन्हींची वाट पाहू नये. सकाळी ऊन अंगाला लागू लागल्यापासून दुपारी बारापर्यंतची वेळ कामाची असते. आभाळ भरून आले तर प्रौढ फुलपाखरांचा नाद सोडावा आणि पानांच्या खालच्या बाजू तपासत बसावे, कारण अळ्यांना ढगांचे काही अडत नाही.

पाणी, खाऊ, टोपी, रेनकोट यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे मोजे घ्यावेत. दुर्बीण घेणार असल्यास ती दोन मीटरांवरची वस्तूही स्पष्ट दाखवते ना, हे घरीच तपासावे. पक्ष्यांसाठी घेतलेल्या अनेक दुर्बिणी इतक्या जवळचे दाखवत नाहीत.

आता झाडाच्या फोटोविषयी. अळी सापडली की सगळे कॅमेरे अळीवर रोखले जातात आणि झाडाचे नाव कोणीतरी अंदाजाने सांगून टाकते. असे होऊ देऊ नये. नोंदवहीत नुसते ‘आंब्याच्या झाडावर अळी’ असे लिहिलेले असेल, तर त्यावरून काय समजायचे? कॉमन बॅरनची अळी खरोखरच आंब्याचे पान खाते. ती हिरवी असते, तिच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे लांब काटे असतात आणि ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी पसरते की तिच्या पाठीवरची फिकट रेघ त्या शिरेतच मिसळून जाते. त्याच आंब्यावर बांडगूळ वाढलेले असेल तर त्यावर कॉमन जेझबेलच्या, म्हणजे हळदीकुंकू फुलपाखराच्या, अळ्या थव्याने खात असतात. त्या आंब्याला तोंडही लावत नाहीत. झाड एकच दिसते, पण खाद्यवनस्पती दोन आहेत, आणि फोटो नसेल तर घरी आल्यावर हा फरक कोणालाही सांगता येत नाही. बांडगुळाची जाड, राखट हिरवी पाने आणि आंब्याची पाने एकाच चौकटीत येतील असा एक फोटो तरी घ्यावाच.

झाडाचा फोटो म्हणजे एक फोटो नव्हे. संपूर्ण झाड किंवा वेल, पानांची मांडणी दिसेल अशी फांदी, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, आणि फूल किंवा फळ असल्यास तेही, असे चार-पाच फोटो प्रत्येक वेळी घ्यावेत. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे फांदीच्या फोटोवरूनच कळते. वास फोटोत येत नाही, म्हणून तो लिहून ठेवावा. लिंबाच्या कुळातले पान उजेडासमोर धरले की त्यात तेलाचे पारदर्शक ठिपके दिसतात आणि चुरगळले की वास येतो, म्हणून माकडलिंबू फुलांवाचूनही ओळखता येते. चीक निघतो का, तेही पाहावे, पण तो हात डोळ्यांना लावू नये. रुईच्या चिकाने डोळ्यांना गंभीर इजा होऊ शकते.

निघण्यापूर्वी काही वनस्पती घराजवळच ओळखायला शिकाव्यात, कारण रानात शिकवायला वेळ मिळत नाही. लिंबू आणि कढीपत्ता पाहावा. त्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालते, आणि लिंबाच्याच कुळावर महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले नीलवंत, म्हणजे ब्लू मॉरमॉन, वाढते. या फुलपाखरांच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि एकमेकींपासून सहज ओळखू येत नाहीत. अशा वेळी झाड कोणते होते हाच पहिला आधार असतो, म्हणून पुन्हा सांगावे लागते की झाडाचा फोटो हवा. रुईवर प्लेन टायगर, एरंडावर कॉमन कॅस्टर, पानफुटीच्या जाड पानाच्या आत रेड पिएरो आणि अंगणातल्या घोळाच्या भाजीवर डॅनाइड एगफ्लाय ही सगळी उदाहरणे गावातच पाहायला मिळतात. सापसंदाचा वेल मात्र मुद्दाम शोधून पाहावा. क्रिमझन रोझ, कॉमन रोझ आणि सदर्न बर्डविंग या तिन्हींच्या अळ्या त्याच्या कुळावर पोसल्या जातात आणि रस्त्याकडेची झुडपे तोडताना हा वेल सहज नष्ट होतो. सापडला तर त्याची जागा नेमकी लिहावी. कारवीची पाने आधीच नीट पाहून ठेवावीत, कारण ती साधारण सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलावरून ओळखू म्हणणाऱ्याला बहुतेक वर्षी काहीच ओळखता येणार नाही.

फुलपाखरू ज्या झाडावर बसले ते त्याचे खाद्यझाड, ही समजूत घरीच सोडून यावी. घाणेरीवर मकरंदासाठी सगळेच येतात. खुळखुळ्यावर आणि भुरुंडीवर प्लेन टायगरच्या गटातील फुलपाखरांचे नर रसायने गोळा करायला जमतात. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत चिखलपान करणारेही मुख्यतः नरच असतात आणि ते क्षारांसाठी आलेले असतात. मादी अंडी घालायला आली की तिची हालचाल वेगळी असते. ती पानापानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते, दुसऱ्या पानावर जाते आणि योग्य पान सापडले की पोट वाकवून अंडे चिकटवते. हे दिसले की मादीचा पाठलाग करू नये. त्या पानाजवळ जावे, अंडे पाहावे आणि झाडाचे फोटो घ्यावेत.

फुलपाखराचाही पंख मिटलेला आणि उघडलेला असा दोन्ही बाजूंचा फोटो हवा. ब्लू गटातील लहान फुलपाखरे पंखांच्या खालच्या बाजूवरूनच ओळखली जातात. कॉमन इव्हनिंग ब्राउनसारख्या जातींचे पावसाळी आणि कोरड्या ऋतूतले रूप वेगळे असते. पहिल्यात डोळ्यांसारखे ठिपके ठळक असतात, दुसरे सुकलेल्या पानासारखे दिसते, आणि ऑक्टोबरात दोन्ही दिसू शकतात, म्हणून तारीख आणि रूप दोन्ही लिहावेत.

नोंदवही कागदाची असावी, कारण घाटात मोबाइलच्या भरवशावर राहता येत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, अधिवास, जात, अवस्था, काय करत होते आणि वनस्पती असे रकाने आधीच आखून न्यावेत. शेवटच्या रकान्यात फक्त झाडाचे नाव लिहून भागणार नाही, झाडाच्या फोटोचा क्रमांकही लिहावा. क्रमांक नसेल तर पुढच्या झाडाकडे जाऊ नये.

जाळी आणू नये. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार अनेक जातींना संरक्षण आहे, आणि कायद्याचे सोडले तरी पंखांवरचे खवले एकदा निघाले की परत येत नाहीत. अळी घरी आणू नये, फांदी तोडू नये. वनक्षेत्रात शिरण्यापूर्वी परवानगी लागते का, हे वनविभागाकडे आधीच विचारून घ्यावे.

परतल्यावर त्याच रात्री फोटो फोल्डरमध्ये लावावेत, अळी आणि तिचे झाड एकत्र. जात नक्की नसेल तर गटापर्यंतच लिहावे. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना झाडाची वेगळी नोंद करून ती अळीच्या नोंदीला जोडावी. झाडाचे फोटो नसलेल्या अळ्यांच्या नोंदी या वर्षी एकत्रित यादीत घेतल्या जाणार नाहीत.