डूडल कुत्र्याचं झिपरेपण टिकवायचंय? आधी कंगवा, मग पाणी

सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर गेला की डूडलवर (पूडलशी संकर झालेल्या कुत्र्यावर) सरसकट मशीन फिरवायचा मोह होतो. नका फिरवू, उघड्या कातडीला ऊन भाजतं आणि झिपरं रूपही जातं. दीड-दोन इंच केस ठेवा, टोकं तेवढी कात्री उभी धरून छाटा. आडवी धरली की झाडूसारखी सरळ रेघ दिसते.

खरी गोम गुंत्यात. पूडलच्या वाणाचे गळलेले केस खाली पडत नाहीत, आतच अडकतात. वरून ब्रश छान फिरतो, पण कानामागे, काखेत, पट्ट्याखाली पार नमदा! केस हाताने वर धरून थराथराने, मुळापासून स्टीलचा कंगवा चालवा, तोही आंघोळीआधी. भिजलेला गुंता आवळतो. माळावरून आला असेल तर बोटांमधले सराटेही बघा. आम्ही खोबरेल लावून सोडवतो.