कार्याचं गणित चुकतंय? आधी आकृतीतल्या या चुका टाळा

अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या वह्या तपासताना मला कार्याच्या (विस्थापनाच्या दिशेने बलाचा घटक × विस्थापन) गणितात आकडेमोड क्वचितच चुकलेली दिसते. चुकते ती आकृती. बलांचा एखादा बाण जास्तीचा असतो, नाहीतर एखाद्या बाणाची किंमत डोळे मिटून टाकलेली असते.

जास्तीचा बाण बघायचा तर कॅरमचा स्ट्रायकर घ्या. बोटातून सुटून तो बोर्डवर सरकतोय. मुलं पुढच्या दिशेने बाण काढून शेजारी ‘गतीचं बल’ लिहितात. असं बल नसतंच. स्ट्रायकर सुटला तेव्हाच बोटाचं बल संपलं. आता खाली वजन, वर बोर्डाची लंब प्रतिक्रिया (पृष्ठभाग स्वतःला काटकोनात उलट ढकलतो ते बल) आणि मागे घर्षण, एवढंच. प्रत्येक बाणाला विचारा, ‘हे बल कोण लावतंय?’ बोट, दोरी, जमीन, पृथ्वी असं काही उत्तर आलं नाही, तर तो बाण खोडा.

आता माझं आवडतं गणित. १० किलोग्रॅमचं खोकं फरशीवर स्थिर आहे. दोरी आडव्याशी ६०° कोनात धरून ४० न्यूटन बलाने ते ५ मीटर ओढलं. गतिक घर्षण गुणांक ०.२ आणि गुरुत्व त्वरण १० घ्या. शेवटी वेग किती?

पहिली चूक म्हणजे ४० × ५ = २०० ज्यूल. विस्थापनाच्या दिशेने दोरीचा घटक फक्त ४० × कॉस ६०° = २० न्यूटन, म्हणून दोरीचं कार्य १०० ज्यूल. इथवर बरेचजण येतात. पुढे मात्र घर्षण म्हणजे गुणांक × लंब प्रतिक्रिया, आणि प्रतिक्रिया वजनाइतकी (१० × १० = १००) धरून घर्षण = ०.२ × १०० = २० न्यूटन, कार्य उणे १००, एकूण शून्य, म्हणून वेग शून्य! म्हणजे पाच मीटर सरकलेलं खोकं हललंच नाही. निदान इथे तरी पेन थांबायला हवं की नाही?

घोळ लंब प्रतिक्रियेत आहे. ती वजनाइतकीच असते, असं आपण पाठ करून टाकलेलं असतं. इथे दोरी खोक्याला थोडं वरही उचलते, ४० × साइन ६०° म्हणजे सुमारे ३४.६ न्यूटनने. फरशीवर उरतात ६५.४. घर्षण १३.१ न्यूटन, त्याचं कार्य उणे ६५.४ ज्यूल. निव्वळ कार्य ३४.६ ज्यूल; खोकं स्थिर होतं, म्हणून तीच शेवटची गतिज ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग). वेग सेकंदाला सुमारे २.६ मीटर.

हेच खोकं मागून तिरकं खाली ढकललं असतं तर प्रतिक्रिया वजनापेक्षा जास्त भरली असती.

कोन कशाशी दिलाय तेही बघा. ‘दोरी उभ्या रेषेशी ३०°’ असं असेल, तर विस्थापनाशी कोन ६०° होतो.

आणि घर्षण दिसलं की लगेच उणे चिन्ह टाकू नका. टेम्पो सुरू होतो तेव्हा हौद्यातलं पोतं न घसरता पुढे जातं, ते हौद्याच्या घर्षणामुळेच. रस्त्यावरून पाहिलं तर ते कार्य धन आहे.