पितळी इंजिन रंगवायला शिकताना

रेल्वेची पितळी मॉडेल इंजिनं रंगवायला शिकायचंय म्हणणारे पहिल्यांदा एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) कोणता घेऊ, असं विचारतात. मी त्यांना आधी एक हिशेब करायला लावते. एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक माप; एचओ स्केल म्हणजे 1:87, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. खऱ्या इंजिनावरचा दीड इंची रिव्हेट इथे अर्धा मिलिमीटरही भरत नाही. त्यावर 0.1 मिलिमीटरचा थर बसला, तर खऱ्या इंजिनावर जवळजवळ नऊ मिलिमीटर लेप थापल्यासारखं होतं. सगळं बारीक काम त्यात बुडून जातं. तेव्हा शिकायचं ते रंग कमीत कमी कसा लावायचा हेच.

पातळ थर टिकतो तो फक्त स्वच्छ धातूवर. नव्या मॉडेलवर बहुधा पारदर्शक लॅकर असतं, सांध्यांत फ्लक्स (डाग देताना लावतात ते रसायन) उरलेला असतो. मोटर, वायरी, प्लॅस्टिकचे भाग काढा (काढताना फोटो घ्या, स्क्रू डबीत ठेवा), मग लॅकर थिनरने उतरवून साबण आणि मऊ टूथब्रश. घरच्या भांड्यांसारखं चिंच लावून घासायचा मोह आवरा. तांब्याला लकाकी शोभते, पण गुळगुळीत पितळेवर रंग नीट धरत नाही. म्हणून अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या बारीक पुडीचा मारा करून पृष्ठभाग किंचित खरखरीत करतात. ती सोय नसेल तर एचिंग प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा आम्लयुक्त अस्तराचा थर. त्यातलं आम्ल धातूला धरतं. मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. एकदा धुतलं की उघड्या बोटांनी शिवायचं नाही.

पुण्यात खरा प्रश्न हवेचा. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंगावर पांढुरकी झाक येते. त्या महिन्यांत मी फक्त खोलणं आणि धुणं करते. एप्रिलच्या दुपारी उलट तऱ्हा: रंग हवेतच सुकतो आणि वाळूसारखा बसतो. उन्हाळ्यात सकाळीच उरका.

एअरब्रश डबल अॅक्शन (एकाच बटणाने हवा आणि रंग दोन्ही कमीजास्त करता येणारा), 0.3 मिलिमीटर नोझल, हवेचा दाब 15 ते 20 पीएसआय, एवढ्यावर भागतं. आधी कोपरे, मग सपाट भाग. चाकांच्या कडा झाका, रुळातला करंट तिथूनच येतो. वाफेच्या इंजिनाला निव्वळ काळा मारू नका. थोडा करडा मिसळला तरच रिव्हेट दिसतात. कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये जाऊन दिव्यांखाली रंग कसे दिसतात ते एकदा निरखा. डेकल (अक्षरं-आकड्यांची चिकटचित्रं) लावण्याआधी चकचकीत पारदर्शक ग्लॉसचा थर, नंतर बिनचमकीच्या मॅटचा.

दुसऱ्याचं इंजिन पैसे घेऊन रंगवणार असाल, तर खोलण्याआधी ते मालकासमोर रुळावर चालवून पाहा. पुढचे वाद टळतात.

पहिला हात मात्र इंजिनावर नको. तांबट आळीत पितळी पत्र्याचे उरलेले तुकडे मागून पाहा. त्यावर रंगवा, चांगलं वाळू द्या, मग मास्किंग टेप घट्ट दाबून खेचा. टेपला रंग लागून आला, तर पुन्हा थिनर, पुन्हा साबण.