या चुका टाळा : न्यूरोएंडोक्राइन गाठींसाठी गॅलियम-६८ चे लेबलिंग

न्यूरोएंडोक्राइन गाठी (संप्रेरके बनवणाऱ्या पेशींपासून उद्भवणाऱ्या गाठी) पेट स्कॅनमध्ये दिसाव्यात म्हणून वापरल्या जाणाऱ्या किरणोत्सारी गॅलियम-६८ चे अर्धायुष्य, म्हणजे निम्मा किरणोत्सार संपण्याचा काळ, अवघे ६८ मिनिटांचे असल्यामुळे ते मुंबईहून विमानाने नागपुरात मागवणे व्यवहार्य नाही. अडीच तासांत जेमतेम एकपंचमांश किरणोत्सार उरतो. म्हणून जर्मेनियम-६८ चा जनरेटर (ज्याच्या स्तंभातून गॅलियम आम्लाने धुऊन काढतात) रुग्णालयातच ठेवून डोटाटेटशी, म्हणजे गाठीला चिकटणाऱ्या पेप्टाइडशी, गॅलियमची जोडणी (लेबलिंग) तिथल्याच हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी पदार्थांच्या प्रयोगशाळेत, करावी लागते. ही जोडणी फसली की पहिला संशय पेप्टाइडच्या कुपीवर घेतला जातो. माझ्या मते तो शेवटी घ्यावा.

आधी वार पाहावा. शनिवारी दुपारनंतर जनरेटरला हात लागलेला नसेल, तर गॅलियमच्या क्षयातून तयार झालेले स्थिर जस्त-६८ स्तंभात साचते आणि डोटाच्या (डोटाटेटमधील धातू पकडून ठेवणाऱ्या भागाच्या) पिंजऱ्यात शिरण्यासाठी गॅलियमशीच स्पर्धा करते. सोमवारी जनरेटरमधून काढलेले पहिले द्रावण त्यामुळे लेबलिंगला वापरू नये. ते शिशाच्या आडोशाला ठेवून द्यावे आणि दुसऱ्यांदा काढावे. दोन तासांत सुमारे ७० टक्के, तर चार तासांत ९० टक्क्यांहून अधिक किरणोत्सार पुन्हा जमा होतो. हायड्रोक्लोरिक आम्लात स्टीलची सुई बुडवणे हीदेखील धातूचीच भेसळ होय.

दुसरी चूक सामूची. बफर मिसळल्यानंतरचा सामू ३.५ ते ४ च्या दरम्यान हवा. तो फार खाली गेला तर जोडणी अपुरी राहते, वर गेला तर गॅलियमचे कोलॉइड (न विरघळलेले सूक्ष्म कण) बनते, आणि खरा घोटाळा तिथून सुरू होतो. शुद्धता तपासण्यासाठी सायट्रेटमध्ये चालवलेल्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर मुक्त गॅलियम वर सरकते आणि जोडलेले खाली राहते. परंतु कोलॉइडही खालीच राहत असल्याने ते जोडलेल्या भागात मोजले जाते आणि शुद्धता ९८ टक्के असल्याचा समज होतो. अमोनियम ॲसिटेट व मिथेनॉलच्या मिश्रणात दुसरी पट्टी चालवली की जोडलेले पेप्टाइड वर जाते व कोलॉइड तळाशी उघडे पडते. वेळ वाचवण्यासाठी नेमकी हीच पट्टी गाळली जाते. शिरेतून गेलेले कोलॉइड यकृत आणि प्लीहेत साठते. या गाठी बहुधा यकृतातच पसरत असल्याने तिथले लहान डाग स्कॅनमधील त्या उजेडात हरवू शकतात.

याच गाठींच्या उपचारासाठी पेप्टाइडला जोडल्या जाणाऱ्या किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्य सुमारे ६.६५ दिवस असल्याने वाहतुकीची अडचण उरत नाही. मात्र त्याच्या स्वतःच्याच बीटा किरणांनी पेप्टाइड तुटत जाते, म्हणून ॲस्कॉर्बिक किंवा जेंटिसिक आम्ल घालण्यात कसूर करू नये. मूत्रपिंडांच्या रक्षणासाठी लायसिन व आर्जिनिनचे सलाईन उपचारापूर्वीच सुरू झालेले असावे. दीर्घकाळ टिकणाऱ्या ऑक्ट्रिओटाइडचे (याच गाठींवरील औषधाचे) इंजेक्शन आणि उपचार यांत किमान ४ आठवड्यांचे अंतर लागते. गडचिरोली किंवा चंद्रपूरहून येणाऱ्या रुग्णाने ते बहुधा गावाजवळच घेतलेले असते, तेव्हा त्याची तारीख ल्युटेशियमची कुपी मागवण्यापूर्वीच फोनवर विचारून घ्यावी.