बुटांच्या खोक्यातून सूर्यातलं सोडियम कसं बघायचं

मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये तयार झाली हे सगळ्यांनीच कुठेतरी वाचलेलं असतं, पण त्याचा पुरावा घरबसल्या स्वतःच्या डोळ्यांनी बघता येतो हे फारसं कोणी सांगत नाही. लागतं काय, तर बुटांचं रिकामं खोकं, जुनी सीडी, एक ब्लेड आणि काळी टेप. सीडीच घ्या, डीव्हीडी नको, तिच्यावरच्या रेघा दुपटीहून दाट असतात त्यामुळे खाली दिलेला कोन तिला चालत नाही.

सगळ्यात आधी हे पक्कं करा: खोकं सूर्यावर रोखायचं नाही, कधीच नाही. सूर्य पाठीशी घ्या आणि उजळ आकाश किंवा पांढरा ढग बघा, तोही सूर्याचाच उजेड असतो.

खोक्याच्या एका छोट्या बाजूला बोटभर लांबीची आडवी खिडकी कापा. ब्लेड कागदात गुंडाळून मधोमध तोडा (नुसता तोडलात तर बोट गेलंच समजा) आणि दोन्ही धारा समोरासमोर चिकटवा, मध्ये जेमतेम दोन कागद मावतील एवढीच फट राहू दे. समोरच्या बाजूला सीडी उभी करायची, तळाशी साधारण 60 अंशांचा कोन, चकचकीत बाजू फटीकडे आणि वरची कड मागे झुकलेली. फटीची उंची नीट बघा, उजेड सीडीच्या मधल्या भोकावर गेला तर काहीच दिसणार नाही, भोकाच्या वरच्या भागावर पडायला हवा. आता झाकणाला सीडीच्या बरोब्बर वर डोळ्यासाठी भोक पाडा आणि सगळे कोपरे टेपने बंद करून टाका.

फट आकाशाकडे करा, वरून खाली बघा आणि डोळा थोडा मागेपुढे करत रहा. जांभळ्यापासून लालपर्यंत पट्टा दिसेल. आता घाई करू नका, डोळा स्थिरावला की त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेषा दिसायला लागतात. नाही दिसल्या तर दहापैकी नऊ वेळा फट रुंद झालेली असते. फ्राउनहोफर या जर्मन भिंग-कारागिराने 1814 मध्ये अशा शेकडो रेषांची नोंद केली होती, आपल्याला चार-पाच मिळाल्या तरी बास.

त्यातली पिवळ्या-केशरी भागातली रेष शोधा, 589 नॅनोमीटरच्या आसपास (हा त्या रंगाच्या प्रकाशलहरीच्या लांबीचा आकडा, पुढचे आकडेही तेच). खरं तर त्या दोन अगदी चिकटून असलेल्या रेषा आहेत पण आपल्या खोक्यात एकच दिसते. तिची जागा लक्षात ठेवा आणि मग अंधारात गॅसच्या निळ्या ज्योतीत लांब दांड्याचा, मिठाच्या पाण्यात बुडवलेला स्टीलचा चमचा धरा, धरायला दुसरं माणूस घ्या. ज्योत पिवळी होते, आणि खोक्यातून बघितलं तर बरोब्बर त्याच जागी झगझगीत पिवळी रेष. सूर्याच्या बाहेरच्या, जरा थंड थरांमधलं सोडियम नेमका तोच रंग गिळतं म्हणून तिकडे ती काळी. काळ्या रेषांचं हे कोडं किर्कहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी 1859-60 च्या सुमारास सोडवलं.

आता खरी गंमत. हे सोडियम सूर्याने बनवलेलंच नाही! सूर्य त्याच्या गाभ्यात हायड्रोजनचं हेलियम करतोय, त्याची मजल सोडियमपर्यंत जाणारच नाही, ते मोठ्या ताऱ्यांमध्ये कार्बन ‘जळतो’, म्हणजे त्याचे अणुगर्भ एकमेकांत मिसळतात, तेव्हा तयार होतं. बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात, झाला 1380 कोटी वर्षांपूर्वी, त्याच्या पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि नावापुरतं लिथियम, एवढंच बनलं होतं. म्हणजे 460 कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीच्या ज्या ढगातून सूर्य आणि ग्रह झाले त्या ढगात आधीच्या ताऱ्यांचा माल मिसळलेला होता, आणि चमच्यावरचं मीठही त्याच ढगातलं. निळसर-हिरव्या भागातली 486 ची रेष मात्र हायड्रोजनची, तो थेट बिग बँगचा. हिरव्यात 517 जवळ मॅग्नेशियम, 527 ला मुख्यतः लोखंड, हे दोघंही ताऱ्यांकडूनच आलेले.

हेलियम शोधत बसू नका, रोजच्या उन्हात त्याची रेष दिसत नाही. ती 1868 च्या सूर्यग्रहणात सापडली, सोडियमच्या अगदी शेजारी, आणि पृथ्वीवर हेलियम मिळायला 1895 उजाडलं. आणि गडद लाल भागात 687 जवळ एक ठसठशीत काळी पट्टी दिसली तर ती सूर्याच्या खात्यात लिहू नका, ती आपल्याच हवेतल्या ऑक्सिजनची आहे, सूर्य खाली उतरला की आणखी गडद होते.